पावती कुणाच्या नावानं फाडायची? चालकाविना गाड्या आणि पोलीस

आज जरा लांबच्या रस्त्यावर जायचं आहे, कॅलिफोर्नियातल्या. पण सुरुवात ओळखीच्या दृश्यानं करू. रात्रीची वेळ आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायची पोलिसांची मोहीम चालू आहे. सिग्नलपाशी एक गाडी पोलिसांच्या डोळ्यांदेखत, जिथे मनाई आहे तिथेच, यू-टर्न घेते. पोलीस दिवे लावून मागे लागतात. गाडी शहाण्यासारखी बाजूला थांबते. अधिकारी खिडकीशी जाऊन आत वाकून बघतो, तर ड्रायव्हरच्या जागेवर कुणीच नाही.

हे सप्टेंबर २०२५च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो या गावात घडलं. गाडी वेमो कंपनीची होती, म्हणजे गूगलच्या मूळ कंपनीची, स्वतःची स्वतः चालणारी टॅक्सी. पोलिसांनी कंपनीला फोन करून काय झालं ते कळवलं आणि गाडी सोडून दिली. नंतर त्यांनी समाजमाध्यमावर फोटो टाकला आणि लिहिलं की आमच्या पावती पुस्तकात 'रोबो' असा रकानाच नाही. लोक खूप हसले. आम्हीही हसलो. पण हसून झाल्यावर लक्षात येतं की नियम मोडला गेला, पोलिसांनी तो मोडताना पाहिला, आणि तरी कायद्याला धरायला कुणी सापडलं नाही. आजचं व्याख्यान या एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, कंपनीच्या नावानं पावती फाडायची! आपल्याकडे ई-चलान गाडीच्या नंबरावरच येतं की. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेग वाढला की घरी बसल्या मोबाईलवर संदेश येतो, गाडी त्या दिवशी मेहुण्यानं नेली होती का भावानं, हे कॅमेरा विचारत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकानं चालकाचं नाव सांगायचं असतं. म्हणजे आपल्याकडेही गुन्हा चालकाचाच, फक्त पकडायचं टोक मालकाचं.

कॅलिफोर्नियात हे टोक वेगळं आहे. तिथे चालत्या गाडीनं नियम मोडला, की पोलीस जो कागद देतात तो नुसता दंडाचा कागद नसतो. कायद्याच्या भाषेत ती कोर्टात हजर राहण्याची सूचना असते, आणि चालकानं त्यावर सही करायची असते. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, 'मी हजर राहीन' एवढंच वचन. बघा, सगळी रचना माणूस गृहीत धरून केलेली आहे. नाव, लायसन्सचा नंबर, सही. इतकी की तिथे सिग्नल तोडल्याचं कॅमेऱ्यानं टिपलं, तरी २०२५पर्यंत चालकाचा चेहरा ओळखू यावा लागत असे. सॅन ब्रुनोचे पोलीस आळशी नव्हते, त्यांच्या हातात त्या रात्री योग्य ते हत्यारच नव्हतं.

आणि गंमत पुढे आहे. हीच गाडी उभी असेल तर? तर दंड होतो! पार्किंगचा दंड गाडीवर लागतो, चालकावर नाही. २०२४ या एका वर्षात सॅन फ्रान्सिस्को शहरात वेमोच्या गाड्यांना पार्किंगच्या ५८९ पावत्या मिळाल्या आणि दंडाची रक्कम झाली ६५,०६५ डॉलर, आपल्या हिशेबात पन्नास लाखांच्या वर. थोडक्यात, रोबो गाडी उभी असताना कायद्याला दिसते आणि धावू लागली की दिसेनाशी होते. खरा धोका मात्र धावत्या गाडीचा.

हे असं का झालं, हे समजायला अमेरिकेतली जुनी वाटणी बघावी लागेल. तिथे गाडी हा विषय केंद्राचा आणि चालक हा विषय राज्याचा. ब्रेक कसे असावेत, एअरबॅग कुठे असावी, सदोष गाड्या परत कधी बोलवायच्या, हे वॉशिंग्टनमधली महामार्ग सुरक्षा संस्था ठरवते. लायसन्स कुणाला द्यायचं, वेगमर्यादा किती, दंड किती, विमा कसा, हे राज्यं ठरवतात. पन्नासेक वर्षं ही वाटणी बिनबोभाट चालली. मग अशी गाडी आली की जिच्यात गाडी आणि चालक एकच. २०१६मध्ये केंद्राच्या त्या संस्थेनं गूगलला एका पत्रात कळवलं की सुरक्षा मानकांपुरतं आम्ही गाडीतल्या प्रणालीलाच 'चालक' समजू शकतो. म्हणजे केंद्राच्या दृष्टीनं चालक हा गाडीचा एक सुटा भाग झाला. मग राज्यानं लायसन्स कुणाला द्यायचं? सुट्या भागाला?

राज्यांनी आपापल्या परीनं उत्तरं काढली. २०११मध्ये नेवाडानं पहिला कायदा केला. २०१२मध्ये कॅलिफोर्नियानं केला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी गूगलच्या मुख्यालयात जाऊन त्यावर सही केली. त्या कायद्यातली एक व्याख्या आपण नीट ऐकू, कारण सगळी गोम तिथे आहे. स्वयंचलित गाडीचा चालक म्हणजे चालकाच्या जागेवर बसलेली व्यक्ती, आणि तिथे कुणी बसलेलं नसेल, तर जिच्या कृतीनं ते तंत्रज्ञान सुरू होतं ती व्यक्ती. २०१२ साली हे ठीक वाटलं असेल. तेव्हा गाडीत नेहमी एक प्रशिक्षित माणूस बसलेला असायचा. आज मात्र विचारा, तंत्रज्ञान सुरू कोण करतं? ॲपवर 'प्रवास सुरू करा' हे बटण दाबणारी मागच्या सीटवरची आजी? तिच्या नावानं पावती फाडावी असं कुणाच्याच मनात नव्हतं. मग कंपनी? कंपनी ही कायद्यानं 'व्यक्ती' असते, पण तिला लायसन्स नसतं, आणि कागदावर सही करायला ती रात्री रस्त्यावर हजर नसते.

टेक्सासनं २०१७मध्ये हा गुंता एका फटक्यात सोडवला. स्वयंचलित प्रणालीचा जो मालक, तोच वाहतुकीच्या नियमांपुरता चालक. तो गाडीत बसला असो वा नसो. ॲरिझोनानंही कंपनीकडून लिहून घेतलं की गाडीनं नियम मोडला तर पावती आमच्या नावे फाडता येईल. आम्हाला ही वाट सरळ वाटते. पण कागदावर सरळ असलेली वाट रस्त्यावर सरळ असतेच असं नाही. जून २०२४मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वेमोची एक गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये शिरली. पोलिसानं थांबवलं. गाडीची काच खाली झाली, आतून कंपनीच्या माणसाचा आवाज आला, बोलणं झालं. रस्त्याच्या कामाच्या पाट्या गोंधळात टाकणाऱ्या होत्या, असं कंपनीचं म्हणणं. कायद्यात तरतूद असूनही त्या दिवशी पावती काही फाटली नाही. पोलिसांच्या नोंदीत लिहिलं गेलं की संगणकाला पावती देता आली नाही. कायदा बदलला तरी रोजची सवय, छापील फॉर्म आणि मागचं सॉफ्टवेअर हे सगळं बदलायला वेळ लागतो, हे आपल्याला सांगायला नको.

पण पोलीस आणि गाडी यांचा संबंध पावतीपुरता नसतो. खरं तर पावती हा त्यातला सोपा भाग. पोलीस हात दाखवून थांबवतो, शिट्टी मारतो, बॅटरीच्या झोतानं 'इकडून जा' म्हणतो, आग लागली की रस्ता बंद करतो. माणसाला हे डोळ्यांनी आणि कॉमन सेन्सनं समजतं. यंत्राला ते शिकवावं लागतं.

कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागानं, म्हणजे तिथल्या आरटीओनं म्हणा ना, २०१८मध्ये गाडीत माणूस नसताना चाचणी घ्यायचे नियम लागू केले. त्यात एक अट अशी की कंपनीनं पोलीस आणि अग्निशमन दलासाठी एक आराखडा लिहून द्यायचा. गाडी स्वयंचलित स्थितीत आहे की नाही हे बाहेरून कसं ओळखायचं, ती बंद कशी करायची, रस्त्यातून हलवायची कशी, मालकीची आणि विम्याची कागदपत्रं कुठे सापडतील, दूर बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं. यासोबत ५० लाख डॉलरचा विमा किंवा हमी, आणि प्रत्येक अपघाताचा १० दिवसांत अहवाल. कागदावर चांगली यादी आहे. फक्त एक गोष्ट बघा. हा आराखडा कंपनी लिहिते आणि पोलीस वाचतात. गाडीशी कसं वागायचं हे पोलिसांनी शिकायचं. उलट दिशेची सक्ती, म्हणजे पोलिसांनी सांगितलेलं गाडीनं अमुक वेळात ऐकलंच पाहिजे, ती फार उशिरा आली. तिच्याकडे येऊच.

आता दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून बघू.

पहिला एप्रिल २०२२चा. सॅन फ्रान्सिस्कोत रात्री क्रूझ कंपनीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या कंपनीची, एक रिकामी गाडी हेडलाइट न लावता चालली होती. पोलिसांनी थांबवली. अधिकारी दारापाशी गेला, आत कुणी नाही, तो वळला. आणि गाडी सुरू होऊन पुढे निघाली! चौक ओलांडून थोड्या अंतरावर पुन्हा थांबली. बघ्यांनी व्हिडिओ काढला, तो जगभर फिरला. पोलिसांच्या हातून पळणारा रोबो म्हणून लोकांनी मजा घेतली. कंपनीचं स्पष्टीकरण असं की गाडी पळाली नाही, तिनं थांबायला त्यातल्या त्यात सुरक्षित जागा शोधली. हे खरं असू शकतं. या गाड्यांना तसंच शिकवलेलं असतं, काही गडबड झाली की रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका, कडेला जा.

दुसरा प्रसंग २ ऑक्टोबर २०२३चा. त्याच शहरात रात्री एका माणसानं चालवलेल्या गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली आणि तो पळून गेला. त्या बाई फेकल्या गेल्या त्या शेजारच्या लेनमधल्या क्रूझच्या गाडीसमोर. क्रूझच्या गाडीनं जोरात ब्रेक लावला, पण धडक बसलीच. इथपर्यंत कुणीही म्हणेल की माणूस चालवत असता तरी कदाचित हेच झालं असतं. त्यानंतर गाडीनं ठरवलं की आता कडेला जायचं. बाई खाली अडकलेल्या होत्या. गाडीच्या समजुतीत धडक बाजूनं बसली होती. ती साधारण २० फूट, म्हणजे सहा मीटर, त्यांना फरफटत घेऊन गेली.

दोन्ही प्रसंगांत गाडीच्या वागण्याची कल्पना एकच आहे: थांबल्यावर कडेला जा. पहिल्या वेळी विनोद झाला, दुसऱ्या वेळी एक बाई गंभीर जखमी झाल्या. माणूस चालवत असता तर खाली कुणी अडकलंय का हे बघायला तो आधी उतरला असता. निदान ओरडणाऱ्यांचं ऐकलं असतं. त्यामुळे एप्रिल २०२२च्या त्या व्हिडिओला आपण नुसती गंमत म्हणून सोडून दिलं, हे चुकलं असं आम्हाला वाटतं.

पुढचं प्रकरण नियंत्रणाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. मोटार वाहन विभागाचं म्हणणं असं की कंपनीनं आधी दाखवलेला व्हिडिओ गाडी पहिल्यांदा थांबते तिथपर्यंतच होता, फरफटत नेल्याचा भाग विभागाला नंतर कळला. कंपनीनं हे नाकारलं, आपण पूर्ण व्हिडिओ दाखवला होता असं म्हटलं. २४ ऑक्टोबरला विभागानं क्रूझचे विनाचालक परवाने स्थगित केले. पुढे २०२४मध्ये केंद्राच्या सुरक्षा संस्थेनं अपुऱ्या अहवालाबद्दल १५ लाख डॉलरचा दंड लावला, न्याय खात्याच्या प्रकरणात कंपनीनं खोटा अहवाल दिल्याचं मान्य करून ५ लाख डॉलर भरले, आणि डिसेंबर २०२४मध्ये जनरल मोटर्सनं क्रूझच्या रोबो टॅक्सीला पैसा पुरवणं थांबवलं. आता सांगा, यातल्या कुठल्या गोष्टीनं कंपनीला खरं हलवलं? दंडांनी? १५ लाख डॉलर म्हणजे त्या व्यवसायात चहापाण्याचा खर्च. हलवलं ते परवाना गेल्यानं. आणि परवाना गेला तो अपघातापेक्षाही माहिती लपवल्याच्या संशयानं.

इथे शहराची बाजूही ऐकली पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलाच्या प्रमुख जीनीन निकल्सन २०२३मध्ये सारख्या सांगत होत्या की या गाड्या आमच्या कामात येतात, पाण्याच्या पाइपांवर चढू पाहतात, बंबाची वाट अडवतात. पण रस्ता शहराचा असला तरी परवानगी राज्याची. मोटार वाहन विभाग गाडी चालवायला परवाना देतो, आणि प्रवाशांकडून भाडं घ्यायला पब्लिक युटिलिटीज कमिशनची परवानगी लागते. १० ऑगस्ट २०२३ला त्या कमिशननं तीन विरुद्ध एक मतांनी क्रूझ आणि वेमोला शहरभर चोवीस तास भाडं घ्यायची मुभा दिली. शहराचा विरोध होता. आठवड्यात, १७ ऑगस्टला, क्रूझची एक गाडी आपत्कालीन कामगिरीवर निघालेल्या बंबाला धडकली, आणि मोटार वाहन विभागाच्या सांगण्यावरून क्रूझला गाड्या निम्म्यावर आणाव्या लागल्या, दिवसा ५० आणि रात्री १५०. म्हणजे एका खात्यानं दार उघडलं आणि दुसऱ्यानं ते अर्धं लोटलं. महापालिका दारात उभी राहून बघत होती. हे चित्र आपल्याला फार परकं वाटायचं कारण नाही.

तर आता तो उशिरा आलेला कायदा. आमदार फिल टिंग यांनी मांडलेलं एबी १७७७ हे विधेयक सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर होऊन सही झालं, आणि अंमलाची तारीख ठरली १ जुलै २०२६. त्यात पोलिसांना पहिल्यांदा हत्यार दिलं. रोबो गाडीनं नियम मोडताना दिसली, तर पोलीस अधिकाऱ्यानं गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावे 'नियमभंगाची सूचना' काढायची. ती सूचना कंपनीनं मोटार वाहन विभागाला कळवायची. शिवाय कंपनीनं पोलीस-अग्निशमन दलासाठी स्वतंत्र फोनलाइन ठेवायची, गाडीत दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं उपकरण ठेवायचं. आणि आपत्कालीन अधिकाऱ्यांनी एखाद्या भागाला नकाशावर कुंपण घातलं, तर दोन मिनिटांत आपल्या गाड्यांना तिथून निघायला किंवा तो भाग टाळायला सांगायचं.

हे शेवटचं कलम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं, जरी बातम्यांत पावतीचीच चर्चा जास्त झाली. कारण पावती झाल्या चुकीबद्दल असते, कुंपण चालू असलेल्या आगीबद्दल. माणसांच्या शंभर टॅक्सींना दोन मिनिटांत एका गल्लीतून बाहेर काढणं कुठल्याच पोलिसाला जमणार नाही. इथे मात्र यंत्र माणसापेक्षा आज्ञाधारक ठरू शकतं, जर फोन उचलला गेला आणि नेटवर्क चालू असलं तर. हा 'जर' छोटा नाही. २० डिसेंबर २०२५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या गाड्या ठिकठिकाणी चौकात उभ्या राहिल्या. बंद सिग्नलला कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं. पण काही वेळा त्या दूरच्या माणसाकडून खात्री करून घेतात, आणि त्या रात्री सगळ्याच एकदम विचारू लागल्या. शेवटी सेवा थांबवावी लागली. कोकणात भर पावसात वीज जाते तेव्हा नाक्यावरचा एखादा रिक्षावाला उतरून हातानं वाहतूक मोकळी करतो. या गाड्यांमध्ये उतरणारं कुणी नसतं.

आता 'सूचना' या शब्दाकडे या. ती दंडाची पावती नाही. कायद्यानं त्या सूचनेला दंडाची रक्कम जोडलेली नाही. बऱ्याच जणांनी यावर टीका केली, आम्हीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, हे काय, नुसतीच चिठ्ठी! नंतर विचार केला तेव्हा मत थोडं बदललं.

माणसाच्या बाबतीत कॅलिफोर्नियात गुण मोजतात. मोठ्या-लहान गुन्ह्यांना गुण, आणि १२ महिन्यांत ४ गुण झाले की तुम्ही निष्काळजी चालक, लायसन्स धोक्यात. हे का चालतं? कारण एका माणसाची सवय एका माणसापुरती असते. आता वेमोला ही पद्धत लावून बघा. हजारो गाड्या, पण चालक एकच, कारण सगळ्यांत तेच सॉफ्टवेअर. ४ गुण भरायला एक सकाळ पुरेल. मग काय, सगळ्या गाड्या बंद? ते अन्यायाचं होईल, कारण तो 'एक' चालक दिवसात हजारो माणसांएवढं अंतर चालवतो. बरं, प्रत्येक गाडीला वेगळा चालक समजलो, तर उलट होईल. तीच चूक शंभर गाड्यांनी एकेकदा केली, तर प्रत्येकीच्या खात्यावर एकच गुण, आणि दोष मात्र शंभरपट पसरलेला.

हा नुसता तर्क नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळेच्या बस मुलं उतरवायला थांबल्या असताना, बसचा थांबा-फलक बाहेर आलेला असताना, वेमोच्या गाड्या त्यांना ओलांडून जात होत्या. अमेरिकेत हा फार गंभीर गुन्हा मानतात. बसवरच्या कॅमेऱ्यांत ते पुन्हा पुन्हा टिपलं गेलं, शाळा जिल्ह्यानं कंपनीला कळवलं, केंद्राच्या संस्थेनं चौकशी सुरू केली, आणि डिसेंबर २०२५मध्ये कंपनीनं सॉफ्टवेअरसाठी रिकॉल जाहीर केला. लक्षात घ्या, एकेका प्रसंगाची पावती फाडून काही कळलं नसतं. सगळे प्रसंग एका जागी आले तेव्हा कळलं की ही एका गाडीची चूक नसून त्या चालकाची सवय आहे. शाळा जिल्ह्यानं मोजदाद ठेवली म्हणून हे झालं.

म्हणून आमचं मत असं बनलं आहे: चिठ्ठी चालेल, पण ती मोजली गेली पाहिजे, आणि मोजणी लोकांना दिसली पाहिजे. दंडाची रक्कम वाढवून कंपनी सुधारेल असं आम्हाला वाटत नाही, ती रक्कम भाड्यात मिळवून टाकेल. विभागाकडे परवाना मर्यादित करायचा, थांबवायचा अधिकार आहे, आणि तो चालतो हे क्रूझनं दाखवलं. अडचण एवढीच की तेव्हा कंपनीनं काय सांगितलं नि काय नाही यावर सगळं अडलं होतं. रस्त्यावरच्या पोलिसाची चिठ्ठी हा कंपनीबाहेरचा साक्षीदार आहे. तिची खरी किंमत ती आहे. उद्या या चिठ्ठ्या विभागाच्या कपाटात पडून राहिल्या, तर आम्ही आमचं मत परत पहिल्यावर नेऊ.

एक बाजू घाईनं सांगतो, खरं तर तिच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. पोलीस या गाड्यांवर नजर ठेवतात तशाच या गाड्याही रस्त्यावर नजर ठेवून असतात. प्रत्येक गाडीवर चहूबाजूंनी कॅमेरे. सॅन फ्रान्सिस्को पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या कागदपत्रांतच म्हटलेलं होतं की या गाड्या सतत चित्रण करतात आणि तपासाला उपयोगी पडू शकतात. पोलिसांनी वॉरंट काढून असं चित्रण मिळवलेलंही आहे. जून २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या निदर्शनांत जमावानं वेमोच्या गाड्या जाळल्या, तेव्हा त्या फिरत्या पाळतीची यंत्रं आहेत ही भावनाही बोलून दाखवली गेली. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये. पण जिला पावती देता येत नाही ती गाडी आपली साक्ष देऊ शकते, हे लोकांना खटकलं तर त्यात नवल नाही.

सभागृहातून चिठ्ठी आली आहे, 'आपल्याकडे हे कधी?' नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितलं होतं की चालकाविना गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. धोरण म्हणून ते तिथेच उभं आहे असं धरू. पण कायद्यात एक खिडकी आहे. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम २ब घातलं गेलं, त्याप्रमाणे नवनिर्मिती आणि संशोधनासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देऊ शकतं. खिडकी उघडली जाईल तेव्हा कलम ३ समोर येईल, लायसन्सशिवाय कुणी गाडी चालवायची नाही. तिथे 'कुणी' म्हणजे कोण, हा सॅन ब्रुनोचाच प्रश्न. ब्रिटननं २०२४च्या कायद्यात याचं उत्तर आधीच लिहून ठेवलं, गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याची जबाबदारी आत बसलेल्यावर नाही, परवाना घेतलेल्या संस्थेवर. आपण लिहू तेव्हा ते उत्तर बघून लिहावं.

दुसरी चिठ्ठी बे एरियात मुलीकडे जाऊन आलेल्या एका काकूंची आहे. त्यांनी विचारलंय, 'मी आत बसलेली असताना पोलिसांनी अशी गाडी थांबवली तर मी काय करायचं?' फार चांगला प्रश्न, काकू. तुम्ही प्रवासी आहात, आपल्या टॅक्सीत मागे बसता तशाच. वेमोनं पोलिसांसाठी जी मार्गदर्शिका दिली आहे, तिच्याप्रमाणे गाडी थांबल्यावर काचा खाली होतात, दारांची कुलपं उघडतात आणि कंपनीचा माणूस स्पीकरवर बोलायला लागतो. तुम्ही हात दिसतील असे ठेवून शांत बसायचं, पट्टा लगेच काढायचा नाही, पुढच्या सीटवर सरकायचं तर मुळीच नाही. गाडी पुन्हा हलेल का अशी शंका आली, तर पोलिसांना सांगून मगच उतरायचं. मदतीचं बटण पडद्यावरही असतं आणि ॲपमध्येही, गाडीत बसल्या बसल्या ते एकदा बघून ठेवा. आणि पोलिसांनी लायसन्स मागितलं, तर 'मी चालवत नव्हते' हे इंग्रजीत सांगायची तयारी मुलीबरोबर आधीच करून ठेवा.